हमालाच्या पाठीचा हिशेब

डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. अशा माणसाला मृत्यूनंतर संतपद बहाल करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोयीची असते. संतापुढे हात जोडले की काम संपते. 'एक गाव एक पाणवठा' चळवळ किंवा 'कष्टाची भाकर' यांचा गौरव करणे त्यामानाने सोपे. हमालीच्या अर्थव्यवहाराला हात घालणे मात्र पुष्कळांना जड जाते.

हमालाला कायमचा मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मग त्याच्या म्हातारपणाचा भार कोणी सोसावा? १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले : मालकांनी मजुरी आणि तीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरावी, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस मिळावा. कायद्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांचे आंदोलन होते. पुण्याच्या बाजारात तो अमलात यावा म्हणून हमाल पंचायत झगडली. २०२३ साली त्यात दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा नव्वदी उलटलेले बाबा विरोधास उभे राहिले.

राजस्थानने त्याच वर्षी ॲपवरील कामगारांसाठी कायदा करून व्यवहारागणिक कल्याण शुल्काची तरतूद केली. कल्पना मूळची माथाड्यांचीच. दारोदार जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोरालाही कायमचा मालक नाही. बाबांच्या स्मारकाची भाषा करणाऱ्यांनी त्याच्यासाठी लेव्हीचा दर किती असावा, हे आधी सांगावे.