शब्द न् शब्द तोच

आमच्या सासूबाई पेपर पहिल्या पानापासून थेट निविदांपर्यंत वाचतात. २००९च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. घरी दोन पेपर यायचे. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अगं, दोन्हीकडे शब्द न् शब्द तोच! लिहिणाऱ्याचं नाव तेवढं वेगळं." मी भाजी निवडत होते. 'असेल' म्हणून सोडून दिलं.

पुढे पी. साईनाथांनी 'द हिंदू'त लिहिलं, तेव्हा चपापले. मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती करणारा एकच मजकूर प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. (पैसे दिल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला. आयोगाची नोटीसही २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही.) प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी पेपरांची नावं घेऊन ७१ पानी अहवाल लिहिला. २०१०मध्ये कौन्सिलने काय केलं? नावं गाळून छोटा अहवाल काढला! कौन्सिलवर मालक मंडळीही असतात ना. पूर्ण अहवाल २०११मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतरच बाहेर आला.

त्याच वर्षी उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव अशा बातम्यांचा खर्च लपवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. छापणाऱ्यांवर फक्त ताशेरे. कौन्सिलच्या हातात तेवढंच आहे.

मला 'सामना'चा राग येत नाही. तो कुणाचा, हे उघड आहे. वाचणारा तयारीने वाचतो. राग येतो तो निःपक्षपातीपणाची पाटी लावून जागा विकणाऱ्यांचा. सासूबाईंनी तेव्हा ते वाचूनच मत ठरवलं होतं.

आता निवडणूक आली की त्या दोन्ही पेपर शेजारी-शेजारी पसरतात, हातात लाल पेन. गेल्या खेपेला मलाही बसवलं. भाजी राहिली.