पत्र पोस्टात ठेवावे की घरी आणावे?



एका भगिनीचे पत्र आले आहे. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे दप्तर त्या सांभाळतात. कचेरीत नवा संगणक आला. त्यावर कंपनीचे ईमेल जोडायला त्या बसल्या, तर संगणकाने विचारले, पॉप हवे की आयमॅप? त्यांचा प्रश्न असा, की दोहोंपैकी कशावर बोट ठेवू?

आयमॅपवर ठेवा. एका शब्दाचे उत्तर हे. पण कारण कळल्याशिवाय उत्तर ध्यानात राहत नाही, आणि हे कारण आमच्या घराने पैसे मोजून शिकले आहे.

२०१८ ची गोष्ट. रब्बी कांद्याला विकतचे बियाणे घेतले होते. फेब्रुवारीत पाहतो तो निम्म्या वाफ्यांत डेंगळे! थंडीनेही डेंगळे येतात हे मला ठाऊक आहे. पण बांधापलीकडे त्याच आठवड्याची लागण होती आणि तिथे औषधालाही डेंगळा नव्हता. विक्रेत्याला ईमेल केले, फोटो धाडले. पाहणी करून भरपाईचे बघू, असे त्याचे उत्तर आले. अशी चार-पाच पत्रे झाली. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली आणि घरातला संगणक जळून गेला.

मी निर्धास्त होतो. पत्रे काय, ईमेलवर असणारच! दुसऱ्याच्या संगणकावर पासवर्ड टाकून उघडले, तर पेटी रिकामी. आलेले एक नाही, धाडलेले एक नाही. विक्रेता म्हणाला, "मी असे लिहिले होते? दाखवा." दाखवणार काय, कपाळ?

झाले होते ते असे. पुतण्याने संगणकावर ईमेल जोडताना पॉप निवडले होते. ईमेल आधी येऊन पडते ते दूर कुठेतरी असलेल्या मोठ्या संगणकावर. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला पोस्ट म्हणू. तिथून पत्र आपल्यापर्यंत कसे यावे याच्या या दोन रीती आहेत. पॉपच्या रीतीत पत्र घरी आणले जाते आणि आपण वेगळे सांगितले नाही तर पोस्टातले काढून टाकले जाते. अस्सल पत्र आता आपल्या घरच्या संगणकात. आपण लिहिलेले उत्तर परगावी जाते खरे, पण त्याची स्थळप्रतही त्याच एका संगणकात राहते. संगणक जळाला की दोन्ही गेले.

आयमॅपच्या रीतीत पत्रे पोस्टातच राहतात. आपण तिथे जाऊन वाचतो. कचेरीतल्या संगणकावरून वाचा, शेतात बसून मोबाइलवर वाचा, पेटी एकच. एका जागी वाचलेले दुसऱ्या जागी वाचलेले दिसते. विमा, खते, बँक असे कप्पे केले तर ते सगळीकडे तसेच दिसतात. धाडलेल्या पत्रांची प्रतही पोस्टात ठेवता येते. पॉपला हे कप्पे कळतच नाहीत.

मग पॉप काढलेच कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्या काळी ते शहाणपणाचेच होते. पहिले पॉप १९८४ चे. आज चालते ते तिसरे, त्याचा जन्म १९८८ चा. तेव्हा माणसाकडे संगणक एक, टेलिफोनच्या तारेवरून जोडणी, आणि तिचे पैसे मिनिटावर. तेव्हा धावत जाऊन पत्रे उचलायची, तार तोडायची आणि घरी बसून निवांत वाचायचे. सर्व्हरवर जागाही टीचभर असे. आयमॅप १९८६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी रचले. म्हणजे दोघे जवळजवळ एकाच वयाचे. पण घरात एकाहून अधिक यंत्रे आली, तसतशी आयमॅपची गरज सर्वांना पटू लागली.

आजही ज्याचा एकच संगणक आहे, सर्व्हरवर जागा थोडी आहे आणि जो नेमाने दुसरी प्रत काढतो, त्याने पॉप खुशाल वापरावे. मात्र "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण तपासावी, आणि तिच्या शेजारी दिवसांचा आकडा आहे का तेही पाहावे. काही ॲपमध्ये तिथे १४ दिवस आधीच भरलेले असतात. पंधराव्या दिवशी पोस्टातली प्रत गेली, हे आपल्याला कळतही नाही.

आता आयमॅपचा धोका सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचे बोलतो. २०२२ साली तोच पुतण्या शिकायला बाहेरगावी होता. मोबाइल भरला म्हणून त्याने घरच्या ईमेलमधली जुनी पत्रे पुसली. त्याला वाटले, मोबाइलमधलीच पुसतो आहे. पेटी एकच ना! इकडे घरच्या संगणकावरूनही ती गेली. नशिबाने कचऱ्याच्या कप्प्यात होती, म्हणून परत मिळाली. जीमेलमध्ये त्या कप्प्यातली पत्रे ३० दिवसांनी कायमची जातात. वहिनींनी तेव्हापासून घरात रीत घातली आहे. विम्याची पावती, माती परीक्षणाचा अहवाल, मुलांचे प्रवेशाचे कागद आले, की त्याच दिवशी छापून पत्र्याच्या पेटीत. पुतण्या हसतो. हसू द्या.

मोबाइलवर जीमेलचेच ॲप वापरत असाल तर हा प्रश्न तुम्हाला विचारलाच जात नाही. तिथे पत्रे सर्व्हरवरच असतात. फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते, आणि मोबाइलमधले फोटो गूगलकडे साठवत असाल तर तेही त्याच जागेत बसतात. जागा भरली की नवे पत्र येत नाही. शिवाय दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर ते काढून टाकण्याचा नियम गूगलने २०२३ साली केला आहे. एखाद्या योजनेपुरते काढलेले खाते असेल तर मधून मधून उघडत जा.

त्या भगिनींना आणखी एक सांगायचे आहे. जुन्या संगणकावर पॉप चालू असेल तर ते लगेच काढू नका. काढलेत तर आतली पत्रेही त्याच्याबरोबर जातील. आधी सर्व्हरवर जागा किती आहे ते पाहा. मग त्याच संगणकावर तेच ईमेल आयमॅपने दुसऱ्यांदा जोडा आणि जुनी पत्रे पॉपच्या कप्प्यातून आयमॅपच्या कप्प्यात कॉपी करा. ती वर सर्व्हरवर चढतील. हजारो असतील तर रात्रभर लागेल, लागू द्या. वीज जाणार नाही एवढे बघा. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर उघडून सर्वात जुने पत्र दिसते का ते पाहा, त्याला जोडलेला कागद उघडतो का तेही पाहा. दिसले, की मगच पॉपचे खाते पुसा.