महाबळेश्वर पाहावें कसें?

सहलीचा विचार निघाला कीं विद्यार्थ्यांच्या मुखीं प्रथम महाबळेश्वराचें नांव येतें, आणि त्यांत नवल कांहीं नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारें ४,५०० फूट उंचीवर वसलेलें हें गांव, त्याची गर्द राई, त्याचा वेण्णा तलाव, या सर्वांची ओढ लहानथोरांस सारखीच असते. आमचाही अशा सहलीस विरोध नाहीं. परंतु परत आलेल्या मुलास ‘काय पाहिलेंस?’ म्हणून विचारावें, तर नाव, घोडा, स्ट्रॉबेरी आणि पांचसहा ‘पॉइंट’ एवढ्यांतच त्याचें उत्तर आटोपतें. पालकांनीं खर्च सोसावा, शिक्षकांनीं श्रम घ्यावे आणि हातीं एवढेंच लागावें, हें आम्हांस पटत नाहीं. महाबळेश्वर हें केवळ हवा खाण्याचें ठिकाण नव्हे; तें अनेक हातांनीं घडविलेलें गांव आहे. ‘हें कोणीं घडविलें?’ हा प्रश्न मनांत धरून जो तेथें जाईल, त्यासच तें खरोखर दिसेल, असें आमचें मत आहे.

तलावापासूनच आरंभ करूं. नावेंत बसणाऱ्या पुष्कळांस हें सरोवर निसर्गानेंच निर्माण केलें असें वाटतें. वस्तुतः तें बांधलेलें आहे. साताऱ्याच्या गादीवर आप्पासाहेब महाराज असतां, १८४२ सालीं, डोंगरांतील झऱ्यांचें पाणी अडवून तें तयार करण्यांत आलें. त्याचा विस्तार सुमारें २८ एकर आहे. या माथ्यावर वर्षास दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. पण तो उतारावरून धांवत खालीं निघून जातो, आणि उन्हाळ्यांत वर राहणाऱ्यांस पाण्याची चिंता पडते. वाहून जाणारें पाणी अडवून ठेवण्याची जी बुद्धि त्या काळीं कोणास सुचली, तिच्यावर आज आपल्या नावा तरंगत आहेत.

आतां गांवाकडे वळूं. १८२४ सालीं लॉडविक नांवाचे इंग्रज लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आले व येथील थंड हवेची कीर्ति त्यांनीं पसरविली. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ सालीं साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून ही जागा घेतली आणि तिच्या मोबदल्यांत वाईकडील खंडाळें हें गांव महाराजांस दिलें. नव्या वस्तीस माल्कमपेठ असें नांव पडलें. इतकी गोष्ट बहुधा सांगितली जाते. परंतु ज्या राजानें ही जागा दिली, त्यालाच इंग्रज सरकारनें १८३९ सालीं पदच्युत करून काशीस पाठविलें आणि तेथेंच १८४७ सालीं त्याचा अंत झाला, हा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाहीं. विद्यार्थ्यांस मात्र दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत.

याहूनही विस्मृतींत गेलेली एक कथा आहे. १८३४ सालीं येथें एक तुरुंग बांधला गेला व तो १८६४ पर्यंत चालला. त्यांत समुद्रापलीकडून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवीत. येथील कित्येक रस्ते त्यांच्या घामानें झाले. बटाटे व इतर भाजीपाला लावण्याची रीत आणि टोपल्या विणण्याची कला येथील लोकांनीं त्यांच्यापासून उचलली. गव्हर्नरांचीं व साहेबांचीं नांवें कड्याकड्यास मिळालीं. या कैद्यांची आठवण ‘चायनामन्स फॉल’ एवढ्या एका धबधब्याच्या नांवांत उरली आहे, आणि त्यांतही कोणा एका माणसाचें नांव नाहीं. ज्या रस्त्यानें आपली मोटार वर चढते, त्याच्या जुन्या वाटा करणाऱ्यांचें एकदां तरी स्मरण करणें हें कृतज्ञतेचें काम आहे.

स्थळांच्या नांवांविषयींही आमचें असेंच म्हणणें आहे. ‘आर्थर सीट’ या जागेस पूर्वीं मढीमहाल म्हणत. ‘केट्स पॉइंट’ला नाके खिंड म्हणत. इंग्रजी नांवें पुसून टाकावीं असें आम्ही म्हणत नाहीं, कारण तींही इतिहासाचीच खूण आहेत. पण मुलांनीं जुनीं नांवेंही पाठ करावीं. नांव गेलें कीं त्याबरोबर माणसांची आठवणही जाते.

बाजारापासून थोड्याच अंतरावर क्षेत्र महाबळेश्वर आहे. तेथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्यांचा उगम मानितात. १६६५ सालीं सूर्यग्रहणाच्या दिवशीं शिवाजी महाराजांनीं मातोश्री जिजाबाई यांची सुवर्णतुला याच क्षेत्रीं केली. आणि याच डोंगरावर, बायबलाच्या मराठी भाषांतराकरितां झटलेले अमेरिकन मिशनरी अ‍ॅलन ग्रेव्ज यांनीं १८४३ सालीं देह ठेविला. ज्यास मातृभक्ति कळते, त्यानें त्या देवळाच्या आवारांत आदरानें उभें राहावें. ज्यास मराठी भाषा प्रिय आहे, त्यानें परमुलखांतून येऊन ती शिकणाऱ्याचें स्मरण आदरानें करावें. यांत धर्म आड येऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वेण्णा तलावांतून खालीं जाते, मेढ्यावरून वाहत साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेस मिळते, आणि कृष्णा पुढें सुमारें १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास पोहोंचते. म्हणजे तलावाच्या कांठीं टाकलेली एक पिशवी केवळ तेथील शोभा घालवीत नाहीं. खालच्या गांवांच्या पिण्याच्या पाण्यांत ती आपली घाण पोहोंचविते. २००१ सालीं सरकारनें हा सारा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पण कायदा पहारा करील, प्रेम करणार नाहीं. तें आपल्यालाच करावें लागेल.

म्हणून पालकांस व गुरुजनांस आमची विनंति तीन गोष्टींची आहे. जाण्यापूर्वीं मुलांस वरील इतिहास वर्गांत सांगावा. तेथें गेल्यावर एक पॉइंट कमी दाखवावा, पण क्षेत्रीं तासभर शांतपणें थांबावें आणि परतीच्या वाटेवर भिलार या गांवीं उतरावें. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या या गांवानें २०१७ पासून आपलीं घरें वाचकांकरितां उघडून ‘पुस्तकांचें गांव’ हें नांव मिळविलें आहे. आणि परत आल्यावर प्रत्येक मुलानें, मीं पाहिलेली एक वस्तु कोणीं केली व कशाकरितां केली, एवढेंच एका पानांत लिहावें.

विद्यार्थिमित्रहो, डोंगर परमेश्वरानें निर्माण केला. त्यावरील गांव राजांनीं, साहेबांनीं, कैद्यांनीं आणि शेतकऱ्यांनीं मिळून घडविलें. तें जसें आपणांस मिळालें, तसेंच स्वच्छ व सुंदर आपल्यामागून येणाऱ्यांच्या हातीं देणें, एवढा एकच ‘पॉइंट’ न विसरतां पाहून या.