वाड्याला रंग देणाऱ्यांनो, जरा थांबा

जुन्या वाड्याच्या दर्शनी लाकडाला ऑइल पेंट मारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ह्या एवढ्या म्हणण्यावरून आमच्या घरात दिवाळीपासून धुसफूस चालू आहे. वैशाखात पुतण्याचं लग्न धरलंय. पाहुणे येणार, दारात मांडव पडणार, फोटो निघणार. तेव्हा दर्शनी बाजू चकाचक पाहिजे, असं पोरांचं म्हणणं. पेंटर येऊन माप घेऊन गेला. लाकडाला चॉकलेटी, नक्षीला सोनेरी, भिंतींना प्लास्टिक पेंट, सगळे मिळून २८ हजार. जाताना म्हणला, "काका, एकदा मारला की दहा वर्षं बघायचं काम नाही."

माझं भांडण त्या २८ हजारांशी नाही. 'बघायचं काम नाही' ह्याच्याशी आहे.

आमचं गारखेडा आता नावालाच खेडं. १९८२ साली औरंगाबादची महापालिका झाली, शहर पसरत पसरत आमच्या अंगावर आलं. सूतगिरणी चौकात आज रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरावा लागतो. क्रीडा संकुल झालं, अपार्टमेंटं झाली, ज्वारीच्या रानाचे प्लॉट झाले. आम्हीपण विकले, नाही कशाला म्हणू. त्या पैशात बिडकीनकडं जमीन घेतली, म्हणून अजून शेतकरी म्हणवून घेतो. पण जुन्या गावठाणातला वाडा राहिला. तीन खणांची ढेलज, आत चौक, वर माळवद. समोर सागाचे चार खांब, दगडी तळखड्यांवर उभे. वर नक्षीचे हस्त, मधल्या चौकटीला गणेशपट्टी. लई मोठा वाडा नाही. देशमुखाचा नाही, पाटलाचापण नाही. बरी शेती असलेल्या कुणब्याचं घर.

ह्या चार खांबांपैकी डाव्या कडेच्या खांबाची गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. वीसेक वर्षांमागं थोरल्यांनी हौसेनं सगळ्या दर्शनी लाकडाला ऑइल पेंट मारून घेतला. मी तेव्हा शेतावरच राहायचो. पेंट चांगला होता, आजपण कुठं कुठं चमकतोय. मागच्या पावसाळ्यात ढेलजेच्या तुळईला बारीक चीर दिसली म्हणून सुतार बोलावला. त्यानं खांब बोटानं वाजवत खाली नेला. वर टणटण, मांडीच्या उंचीपर्यंत टणटण, आणि तळखड्यापासून हातभर वरपर्यंत पुठ्ठ्यासारखा आवाज. पटाशी टेकवली तर न ठोकता आत गेली. आत लाकूड नव्हतंच. वाळवीची माती होती. बाहेर रंगाचा पापुद्रा मात्र जसाच्या तसा, कुठं तडा नाही. चार माणसं रोज त्या खांबाला टेकून चहा पीत होती आणि माळवदाचा भार कशावर उभा होता ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सागाला वाळवी लागत नाही असं लोक छातीठोक सांगतात. सागाच्या गाभ्यात तेल असतं, तो लवकर दाद देत नाही, हे खरं. पण वर्षानुवर्षं बुडाशी ओल राहिली तर सागसुद्धा कुजतो, आणि कुजलेल्या लाकडाला वाळवी विचारून लागत नाही. आता ओल कुठून आली? गल्लीतला रस्ता तीनदा झाला. दर वेळी जुना न उकरता त्याच्यावरच नवा थर. रस्ता वर आला, आमचा उंबरा खाली गेला. पूर्वी पावसाचं पाणी दारातून उतरून वाहून जायचं, आता रस्त्यावरचं पाणी ढेलजेत येऊन तळखड्याशी थांबतं.

लाकूड पाण्याला भीत नाही. पावसात भिजतं, उन्हात वाळतं, असं शंभर वर्षं करतं. श्रावणात दार फुगतं आणि चैत्रात सैल होतं, ते ह्याचमुळं. त्याला भिजायची वाट आहे तशी वाळायची वाट पाहिजे. ऑइल पेंट म्हणजे लाकडावर ओढलेला रबरी कागद. पहिली दोन-तीन वर्षं तो पाणी अडवतो. मग लाकूड हलतं, सांध्याशी केसाएवढी भेग पडते. खांबाच्या बुडाशी लाकडाची तोंडं उघडी असतात, तिथून पाणी वर चढतं. आत शिरायला वाट मिळाली, बाहेर पडायची वाट मात्र रंगानं बंद केलेली. आत दमट आणि अंधार. वाळवीला आणखी काय पाहिजे? लाकूड उघडं असतं तर बुडाशी काळं पडलेलं दिसलं असतं, वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसली असती, आणि झाडणाऱ्या बाईनंच पहिल्या महिन्यात ओरडून सांगितलं असतं.

ही चूक अडाणी माणूस करतो असं समजू नका. आपल्या अजिंठ्यातच बघा. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनं लेण्यांतली चित्रं वाचवायला थेट इटलीहून दोन जाणकार आणले, लोरेंझो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी. त्यांनी सुटलेले पापुद्रे परत चिकटवले, ते काम मोलाचं. पण चित्रं टिकावीत म्हणून वरून लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढं पिवळं पडलं, काळवंडलं, चित्रांचे मूळ रंग त्याच्याखाली गेले. मग पुरातत्त्व खात्याच्या रसायनवाल्यांना तेच वॉर्निश जपून जपून काढत बसावं लागलं. हेतू चांगला, माणसं हुशार, पैसा सरकारचा. आणि तरी असं झालं. आमच्या ढेलजेचं मग काय सांगावं!

पोरं म्हणतात, नाना, तुम्हाला जुनंच सगळं पाहिजे. तसं नाही. मला जुन्याचं येड नाही. आमच्या आजीच्या अन् आईच्या काळात भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, जमीन सारवायची, माळवदावरचं गवत उपटायचं. ते सगळं बायांच्या अंगावर. दसऱ्याआधी आईचे हात चुन्यानं फाटलेले मी बघितलेत. त्या दिवसांचं कौतुक करणाऱ्या माणसानं कधी एक भिंत पोतारलेली नसते. आणि गावात सगळ्यांना असे वाडे नव्हते, निम्मं गाव कुडाच्या घरात राहत होतं, हेपण सांगितलं पाहिजे. वाड्याची निगा बायकांनी आणि गडीमाणसांनी राखली आणि नाव मालकाचं झालं.

दुसरं कारण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून मराठवाड्यात कुणी मातीच्या घराकडं पहिल्यासारखं बघितलं नाही. माती आणि लाकूड दिसलं की माणूस म्हणतो, पाडा. भीती खोटी नाही, हजारो माणसं गेली. पण तिथं मारलं ते कशानं? गोल दगडांच्या रुंद भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधणारा जोडदगड नाही, आणि दर दोन-चार वर्षांनी गळतंय म्हणून माळवदावर टाकलेली नवी माती. तो भार खाली आला. लाकडी खणांचा सांगाडा नीट होता तिथं भिंती ढासळूनही छत खांबांवर तरल्याची उदाहरणं आहेत. नंतर घरं मजबूत करायच्या कामात भिंतीत जोडदगड घालणं, माळवदावरची माती कमी करणं आणि लाकडाच्या सांध्यांना तिरपे आधार देणं, हेच तर सांगितलं गेलं. म्हणजे खांब हा घराचा जीव. त्याच खांबाला रंगाखाली झाकून दहा वर्षं बघायचं नाही, म्हणजे काय करायचं?

आमच्या पुतणीचा नवरा कंपनीच्या कामानं स्वीडनला जाऊन आला. तिथल्या खेड्यातली लाल लाकडी घरं त्यानं दाखवली. मला वाटलं ऑइल पेंट असेल. तर तो फालून नावाच्या गावच्या तांब्याच्या खाणीतल्या लाल मातीचा रंग. पाण्यात पीठ शिजवून त्यात ती माती आणि थोडं जवसाचं तेल घालतात. म्हणजे आपली काव आणि खळच की! तो रंग पापुद्र्यानं निघत नाही, भुकटी होऊन झिजतो. काही वर्षांनी ब्रशनं झाडायचं आणि परत मारायचं. लाकूड खाली वाळत राहतं. बर्फातले शेतकरी शेकडो वर्षं हे करतात आणि त्यांना कुणी मागास म्हणत नाही. आपल्याकडं जवस पिकतं, आणि आपण मात्र डब्यावरची चमक बघून भुलतो.

आता एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जुना रंग काढायला पेंटरनं गॅसची बत्ती आणि ग्राइंडर आणायचं ठरवलं होतं. मी आडवा आलो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडं २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा रंग असेल तर तो शिशाचा आहे असंच धरून चालावं. बत्तीनं जाळला की धूर, ग्राइंडरनं घासला की धूळ. ती रांगत्या लेकराच्या हातातून तोंडात जाते आणि त्याच्या मेंदूवर जाते. पेंटरच्या हाताखालचं सोळा वर्षांचं पोर तोंडाला रुमालसुद्धा न बांधता हेच रोज करतंय, त्याचं कोण बघणार? रंग ओला करून, खरवडणीनं, हळू काढावा, खाली कागद पसरावा, लेकरं आत ठेवावीत. शिवाय ग्राइंडरनं आमच्या आजोबांच्या वडलांच्या काळची नक्षी एका दुपारी सपाट होते.

हे सगळं सांगितल्यावर घरात तिसरी सूचना आली, ती सगळ्यात वाईट. विकून टाकू. जुनी चौकट, खांब, हस्त विकत घेणारे गल्लोगल्ली फिरतात. रोख पैसे देतात, टेम्पो आणतात. मग ते खांब कुठल्या तरी हायवेच्या हॉटेलात उभे राहतात, आणि आपण तिथं रविवारी जाऊन, दोनशे रुपयांचं पिठलं-भाकरी खाऊन, त्यांना टेकून फोटो काढतो. आपल्या घरात अडगळ आणि हॉटेलात 'गावरान'. विकणाऱ्याला मी शिव्या देणार नाही. दवाखान्याचं बिल असतं, पोरीची फी असते. पण ज्याला असली अडचण नाही, त्यानं निदान 'लाकूड जुनं झालं' हे कारण सांगू नये. खणांचा भार उचलणाऱ्या सागाला जुनं म्हणायचं आणि फुगणाऱ्या प्लायवूडला नवं म्हणायचं, हा न्याय मला कळत नाही.

शेवटी भावकीत बसून ठरलं ते असं. पूर्ण माझ्या मनासारखं नाही. भिंतींना प्लास्टिक पेंट नाही, चुना. कळीचा चुना आठ दिवस भिजवून, त्यात डिंक घालून. पोरांना थोडी पिवळी छटा पाहिजे, घाला. लाकडावरचा जुना रंग खरवडून काढायचा. ते काम लग्नाआधी फक्त चौकट, गणेशपट्टी आणि दोन खांबांपुरतं होईल, बाकीचं पुढच्या हिवाळ्यात. तोवर उरलेल्या चमकत्या भागावर मांडवाचं कापड. डाव्या खांबाखाली सुतारानं आत्ताच दोन टेकू दिलेत. कुजलेला हातभर भाग कापून तिथं जुन्या सागाचा तुकडा सांध्यानं बसवायचा आणि तळखडा वीतभर उचलायचा. उंबऱ्यापुढं फरशी काढून पाण्याला आडवी नाली. हे पाण्याचं काम आधी, तेल नंतर. त्यात मी बोटभर मागं सरणार नाही.

तेल जवसाचं, कढवलेलं, थोडं टर्पेंटाइन घालून. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवसांनी दुसरा हात. जाड दिलं तर चिकट होतं आणि शहराची सगळी धूळ त्याच्यावर बसते. आणि ते तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उन्हात एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून टाका. सोनेरी रंगाचा डबा पुतण्यानं आणून ठेवलाच होता. तो मी दुकानात परत केला. दुकानदारानं पैसे दिले नाहीत, त्याच्याऐवजी दोन ब्रश आणि खरवडण्या दिल्या. सुतार शुक्रवारी येणार आहे.