घरपट्टीच्या थकबाकीवर कुणाचा डोळा?

मार्च जवळ आला की छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या वसुली पथकांना वेग येतो. कुठे दुकानाला सील लागते, कुठे नळ तोडला जातो, कुठे जप्तीची नोटीस दारावर चिकटते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लिलावाची जाहिरात येते. ज्याच्या दारी ही नोटीस लागते त्याची झोप उडते. पण तीच जाहिरात कात्रीने कापून जपून ठेवणारा एक वर्गही आता मध्यमवर्गात दिसू लागला आहे. लिलावात घर स्वस्तात पडते, बँकेतल्या ठेवीपेक्षा हा पैसा लवकर वाढतो, असे त्याला कुणी तरी मोबाइलवरून पटवून दिलेले असते.

या उत्साहामागे पुष्कळदा अमेरिकेचे उदाहरण असते. तेथील अनेक राज्यांत घरपट्टी थकली की स्थानिक शासन त्या थकबाकीचा हक्कच प्रमाणपत्राच्या रूपाने विकून टाकते. खाजगी गुंतवणूकदार थकबाकी भरतो आणि पुढे मालकाला ती व्याजासह फेडावी लागते. आयोवा राज्यात हे व्याज दरमहा २ टक्के आहे. फ्लोरिडात कमाल मर्यादा वर्षाला १८ टक्के असून, सर्वांत कमी व्याज मागणाऱ्या बोलीदाराला प्रमाणपत्र मिळते. मालक मुदतीत पैसे फेडू शकला नाही, तर प्रकरण थेट घराच्या मालकीपर्यंत जाते. शासनाच्या तिजोरीत रक्कम वेळेवर पडते, हिशेब चोख राहतो. मात्र त्या घरात कोण राहते, कर का थकला, घरातला कर्ता गेला की नोकरी गेली, याच्याशी प्रमाणपत्र घेणाऱ्याला काहीच कर्तव्य नसते. किंबहुना मालकाची अडचण जितकी लांबेल तितका त्याचा लाभ.

या व्यवस्थेचे टोक मिनेसोटा राज्यात दिसले. तेथे तर मधे गुंतवणूकदारही नव्हता. जेराल्डाइन टायलर या वृद्धेच्या सदनिकेवर सुमारे २,३०० डॉलरची करबाकी होती. व्याज, दंड व खर्च धरून ती १५,००० डॉलरवर गेली. हेनेपिन काउंटीने सदनिका ताब्यात घेऊन ४० हजार डॉलरला विकली आणि आपली बाकी वजा जाता उरलेले २५ हजार डॉलरही स्वतःकडेच ठेवून घेतले. २५ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही कृती घटनाबाह्य ठरवली. तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या.

महाराष्ट्रातील कायद्याने थकबाकी विकण्याची वाट धरलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १४१ नुसार घरपट्टीचा त्या मालमत्तेवर, जमीन महसुलाच्या खालोखाल, पहिला बोजा असतो. मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे दर आयोवाचाच! पन्नास महिन्यांत शास्ती मूळ कराइतकी होते. पण तो बोजा कुणा तिसऱ्याला विकत घेता येत नाही. देणे नागरिकाचे, घेणे महापालिकेचे. मागणीची नोटीस, जप्ती आणि सर्वांत शेवटी विक्री, या सगळ्या पायऱ्यांवर मालकाला पैसे भरून घर सोडवता येते. विक्री झालीच तर बाकी व खर्च वजा जाता उरलेली रक्कम मागण्याचा हक्कही त्याचाच.

लिलावात घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने संभाजीनगरची जमीन कशी आहे हेही पाहायला हवे. शहराचा फार मोठा भाग गुंठेवारीत वाढला. शंभराच्या बाँडपेपरवर प्लॉट विकले गेले, त्यावर घरे झाली, घरांना कर लागला. हा गुंता सोडवण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. तरी घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे कितीदा सांगितले तरी लोकांच्या गळी उतरत नाही. सिडकोतील घरांचे मूळ करार भाडेपट्ट्याचे. तेथे जुन्या धारकाकडे होते तेवढेच हक्क खरेदीदाराकडे येणार. बँकांचे लिलाव होतात ते ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. पाव रक्कम लगेच भरायची, उरलेली साधारण पंधरा दिवसांत, आणि मग आत राहणाऱ्यांना बाहेर काढण्याची खटपट. अहमदाबादच्या एका प्रकरणात याच १९४९ च्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये म्हटले होते की, थकबाकीची कल्पना नसताना न्यायालयाच्या लिलावात पैसे मोजून मालमत्ता घेतलेल्यावर हा बोजा लादता येणार नाही. या निर्णयाचा आधार सांगणारे पुष्कळ भेटतात. पण लिलावाच्या जाहिरातीतच थकीत देणी खरेदीदाराची असल्याचे छापलेले असेल, तर कल्पना नव्हती असे म्हणायला जागा कुठे उरते?

जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्राने हा धडा एकदा घेतलेला आहे. शेतसारा किंवा तगाई थकली म्हणून जप्त झालेल्या आणि बोली न लागल्याने नाममात्र बोलीवर सरकारजमा झालेल्या जमिनींना ‘आकारीपड’ म्हणतात. देणे थोडे, गेली ती पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन. बारा वर्षांची मुदत उलटली की ती परत मिळण्याची वाट अवघड होई. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांऐवजी ५ टक्के रक्कम घेऊन या जमिनी मूळ खातेदारांना किंवा वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. राज्यातील ९६३ खातेदार आणि सुमारे ४,८४९ एकर जमीन, असा तो आवाका होता. जमीन सरकारकडेच राहिली म्हणून ती परत देता आली. मधे गुंतवणूकदार असता तर कुणाच्या वारसाला काय परत मिळाले असते?

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर-जमिनीच्या विक्रीत आधी नातलग, मग शेजारी, मग धनको असा खरेदीचा क्रम लावला आहे. परक्याचा नंबर त्यानंतर. (बोलीच्या चढाओढीने वाढलेली किंमत मात्र त्यानेही राजाच्या कोशात घातली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.)

याचा अर्थ कर बुडवणाऱ्यांना माफी असावी असा मुळीच नाही. संभाजीनगरात पाणी चार-चार दिवस येत नाही. मग कर कशाचा भरायचा, हा युक्तिवाद गल्लोगल्ली ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. जायकवाडीहून पाणी आणण्याच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. १,६८० कोटींची ती योजना २,७४० कोटींवर गेली. पण ज्याने टँकरचे पैसे मोजूनही एप्रिलमध्ये घरपट्टी भरली, त्याला दर एक-दोन वर्षांनी येणारी अभय योजना काय सांगते? शेजाऱ्याची शास्ती माफ झाली आणि आपण वेळेवर भरून बसलो, हेच ना? शास्ती आधी वाढू द्यायची, मग माफ करायची, या खेळात मोठे व्यापारी थकबाकीदार निवांत बसून असतात आणि नोटिशीला घाबरून कर्ज काढतो तो मुकुंदवाडीतला निवृत्त कामगार.

एप्रिल २०२० पासून महापालिकेत प्रशासकाचे राज्य होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृहात पुन्हा नगरसेवक आले आहेत. मोठ्या व्यापारी थकबाकीदारांची प्रभागनिहाय यादी त्यांनी पहिल्या वर्षीच मागून घ्यावी आणि लिलावाचा हातोडा तेथून सुरू करावा. राहत्या घराला जप्तीआधी हप्त्यांची सोय, आणि दरमहा २ टक्क्यांचा दर राहत्या घरांपुरता खाली आणण्यासाठी राज्य शासनाकडे ठराव, एवढे तरी त्यांच्या हाती आहेच. पुढील मार्चची वसुली पथके बाहेर पडण्याआधी हे व्हायला हवे.