नियम गाडीला, बॅटरी मोकाट

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादेत ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली. धूर वरच्या लॉजमध्ये शिरून आठ जण दगावले. त्याआधी एप्रिलमध्ये नाशिकमध्ये कंटेनरमध्ये भरलेल्या २० नव्याकोऱ्या स्कूटर जळाल्या होत्या.

अशा वेळी उन्हाला दोष देणे सोपे असते, पण नुसत्या उन्हाने बॅटरी पेटत नाही. लिथियम-आयन सेलमधील दोन ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. उत्पादनातला दोष, जोराचा मार किंवा प्रमाणाबाहेर चार्जिंग यामुळे आत शॉर्टसर्किट झाले, की तापमान चढते आणि १३० अंशांच्या आसपास पडदा वितळू लागतो. त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि शेजारचा सेलही पेट घेतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमधून तर ऑक्सिजनही सुटतो, त्यामुळे हवा तोडून ही आग विझत नाही. लोह-फॉस्फेटचे सेल अधिक उष्णता सोसतात. तेही अग्निरोधक नव्हेत.

बॅटरीवर नजर ठेवणारी ‘बीएमएस’ यंत्रणा धोका दिसताच प्रवाह तोडते. मात्र दोष सेलच्या पोटातच असेल, तर तिचा इलाज चालत नाही. म्हणूनच तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनंतर केंद्राने ‘एआयएस-१५६’ मानक कडक केले. सेलमध्ये पुरेसे अंतर, वायू बाहेर पडायला वाट, धोक्याचा इशारा या अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या.

हे योग्यच झाले. पण परीक्षा होते ती नव्या गाडीची. दोन-तीन वर्षांनी गल्लीतल्या दुकानात बदललेला पॅक किंवा स्वस्तातला चार्जर कोण तपासतो? ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या मर्यादेतील गाड्यांना तर नोंदणीच लागत नाही.

सुटे पॅक आणि चार्जर प्रमाणपत्राशिवाय विकण्यास सरकारने बंदी घालावी आणि प्रत्येक आगीचा चौकशी अहवाल जाहीर करावा. पार्किंगमध्ये प्लग नाही म्हणून रहिवासी बॅटऱ्या वर घरात नेतात. सोसायट्यांनी जिन्यापासून दूर, स्वतंत्र ब्रेकर असलेली चार्जिंगची जागा द्यावी. तोवर वाहनधारकांनी कंपनीचाच चार्जर वापरावा, रात्री झोपताना बॅटरी दाराशी चार्जिंगला लावू नये आणि फुगलेली बॅटरी त्याच दिवशी वापरातून काढावी.