चौक आणि लग्नगडी

चित्र चित्र म्हणून पाहावं, त्यात समाजाचा इतिहास कालवू नये, असं आपल्याकडचे बरेच रसिक आग्रहानं मांडतात. त्यात तथ्य आहे. कलावंताच्या हलाखीची कहाणी ऐकून सुमार चित्र चांगलं ठरत नाही. पण इतिहास बाजूला सारला की नजर निर्मळ होते, हे मला साफ अमान्य आहे. वारली चित्रांचंच बघा.

त्यांना सर्रास 'कालातीत' म्हटलं जातं. म्हणजे इतिहास नको म्हणणाऱ्यांनीच त्यांच्यावर एक खोटा इतिहास लादला! डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं विधिचित्र, काढत त्या सवाशिणी. शेणा-गेरूनं सारवलेली कुडाची भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, टोकाशी चेचलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. चौकाच्या मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. लग्न झालं की चित्राचं काम संपे. ते जपून ठेवायचा प्रश्नच नव्हता. कागद आला तो १९७०च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनानं गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चितारू लागले आणि बायकांच्या विधीतली कला पुरुषांचा व्यवसाय झाली. देवीभोवतीची चौकट सुटली. मासेमारी, शेतीची कामं, लोककथा कागदभर पसरल्या. रचनेतला हा केवढा बदल! केवळ रेषा न्याहाळून तो कसा उमगणार?

आणि ज्या लग्नासाठी चौक काढायचा, त्या लग्नाचं काय? याच पट्ट्यात लग्नापायी जमीनदार-सावकाराचं कर्ज काढणारा वारली 'लग्नगडी' होई. मग नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडे राबत. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही गुलामी नोंदवून ठेवली आहे. १९४५ साली वारली तिच्याविरुद्ध उठले. हे वाचून चौकाकडे पुन्हा वळलं, की देवीभोवतीची ती दाट, निगुतीनं भरलेली नक्षी नुसती शोभेची वाटेनाशी होते. ज्या लग्नापायी माणूस गहाण पडे, त्याच लग्नाला बायकांनी इतकं देखणेपण दिलं होतं. यानं आस्वाद उणावतो म्हणणाऱ्यानं एकदा तसं पाहून तरी बघावं.

चित्रदालनांना माझं सांगणं एवढंच: वारली चित्राखाली नुसतं 'आदिवासी कला' लिहिणं थांबवा. कोणी, कोणत्या गावात, कोणत्या साली आणि कशासाठी काढलं, ते लिहा.